युद्ध जिंकणारे आणि स्वातंत्र्य राखणारे



जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो त्यांनी कोणा संस्थानिकाच्या अथवा सावकाराच्या नावे वाहिला नाही. गुलामांना बंधमुक्त करण्यासाठी ज्यांनी झीज सोसली त्या अमेरिकेतील सज्जनांच्या सन्मानार्थ तो त्यांनी अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी ते उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून शूद्रातिशूद्रांची दास्यातून सुटका करावी, अशी आशा प्रकट केली. अमेरिकेचे यादवी युद्ध संपून त्या वेळी अवघी आठ वर्षे झाली होती. आपल्या मुलखाला त्या युद्धाची झळ लागली ती कापसाच्या रूपाने. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाचा भाव भडकला आणि मुंबईचे व्यापारी पाहता पाहता गबर झाले. १८६५ साली युद्ध थांबताच त्यांतील कित्येकांचे दिवाळे वाजले. सोलापूरपर्यंत १८६० साली येऊन पोहोचलेला लोहमार्ग पुढे आपल्या दुधनीवरून रायचूरकडे गेला, तोही याच काळानंतर. व्यापाऱ्यांना त्या युद्धात कापसाचा भाव दिसला. जोतीरावांना माणसाची सुटका दिसली.

परंतु जोतीरावांनी या कथेचा पूर्वार्ध तेवढा पाहिला होता. उत्तरार्ध त्यांच्या ग्रंथानंतर घडला, आणि तो बाबासाहेबांनी अभ्यासिला. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा मुक्त झालेल्या गुलामांचे मताधिकार दक्षिणेतील बहुतेक राज्यांनी हिरावून घेतले होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी याच इतिहासाची साक्ष काढली आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जे आले ते अस्पृश्यांना विसरता येणार नाही, असे बजावले. पुढच्याच वर्षी त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डॉ. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. ज्या इतिहासाकडे आपल्या दोन्ही मार्गदात्यांनी वळून वळून पाहिले, त्यातील माणसांची चरित्रे आपल्या घरी वाचली जावीत, म्हणून हा लेख.

दुधनीतील आणि आसपासच्या गावांतील तुमच्यापैकी अनेक कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. देव्हारे उतरले, भिंतीवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र लागले, बावीस प्रतिज्ञा मुखोद्गत झाल्या. ‘आता सुटलो,’ असे मनात येणे स्वाभाविक आहे. नेमकी हीच भावना १ जानेवारी १८६३ रोजी अमेरिकेतील लक्षावधी माणसांच्या मनात आली होती. त्यांचे पुढे काय झाले हे जाणून घेतल्यावाचून आपल्या सुटकेचा अर्थ आपल्याला पुरता कळणार नाही.

प्रथम हे युद्ध कशासाठी झाले ते पाहू. १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. बाजारात त्यांची किंमत ठरे. आईपासून मूल तोडून विकले जाई. गुलामगिरीचा पसारा वाढू न देण्याचे धोरण सांगणारा अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून येताच दक्षिणेकडील राज्ये फुटून निघाली. अशा ११ राज्यांनी वेगळे सरकार थाटले. या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स हा मोठा कायदेपंडित होता. २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना शहरात भाषण करताना त्याने आडपडदा ठेवला नाही. काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गोऱ्याची ताबेदारी हीच त्याची स्वाभाविक स्थिती आहे, हे तत्त्व आमच्या नव्या राज्याच्या पायाचा दगड आहे, असे त्याने प्रतिपादन केले. वाचकहो, ही भाषा तुमच्या कानांना अपरिचित वाटते काय? जन्माने उच्च आणि जन्माने नीच ही विभागणी सृष्टीनेच केली, असे सांगणारे पंडित आपल्याकडे दोन हजार वर्षे झाले. स्टीफन्सने जे सभेत सांगितले, ते मनूने स्मृतीत घालून ठेवले.

दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याची गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ली हा शीलवान, मितभाषी आणि युद्धकलेत निष्णात असल्याचे त्याचे शत्रूही मान्य करीत. तथापि हे सारे गुण त्याने माणसांना गुलाम ठेवणाऱ्या राज्याच्या चाकरीला जुंपले. आपल्या खेड्यांतही असे म्हणण्याची रीत आहे की, ‘अमका पाटील मनाने फार चांगला, तो आपल्याला कधी वाईट बोलत नाही.’ तो मनाने चांगला असेल. परंतु ज्या व्यवस्थेने त्याला ओट्यावर आणि आपल्याला अंगणात बसविले, ती त्याच्या चांगुलपणाने तसूभर हलत नाही. ज्याला हक्क आहे त्याला कोणाच्या चांगुलपणावर विसंबावे लागत नाही.

आता लिंकनकडे वळू. केंटकीतील लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत १८०९ साली त्याचा जन्म झाला. सारी मोजदाद केली तर त्याचे शाळेत जाणे वर्षभराचेही भरत नाही. मागून आणलेल्या पुस्तकांवर अभ्यास करून तो वकील झाला. गुलामगिरी वाईट आहे हे त्याचे मत जुने होते. परंतु युद्धाच्या आरंभी गुलामांची मुक्ती हे त्याने आपले उद्दिष्ट मानले नव्हते. २२ ऑगस्ट १८६२ च्या एका प्रसिद्ध पत्रात त्याने स्पष्ट लिहिले की, देशाचे ऐक्य राखणे हे माझे मुख्य कर्तव्य आहे, आणि एकाही गुलामाला मुक्त न करता ते राखता आले तर मी तसेही करीन. पुढे युद्धाची निकड त्याला पटली. १ जानेवारी १८६३ रोजी त्याने मुक्तीचा जाहीरनामा काढला. हा जाहीरनामा काळजीपूर्वक वाचणाऱ्यास त्यातील मर्यादा दिसतात. बंडखोर प्रदेशातील गुलाम मुक्त झाले. पण संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेल्या चार गुलामधारी राज्यांतील गुलाम होते तसेच राहिले. साऱ्या देशातून गुलामगिरी कायद्याने उठली ती १८६५ च्या डिसेंबरात, तेरावी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा.

आम्ही हे लिंकनची थोरवी कमी करण्यासाठी सांगत नाही. आपले मत बदलण्याचे धैर्य त्याच्या ठायी होते आणि त्याची किंमत त्याने प्राणांनी मोजली. १४ एप्रिल १८६५ रोजी एका मारेकऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली व दुसऱ्या दिवशी सकाळी तो मरण पावला. परंतु उत्तम पुढारीदेखील पीडितांनी रेटा दिल्यावाचून पुढे सरकत नाही, हे त्याच्या चरित्राचे सार आहे. तो रेटा देणारा मनुष्य कोण होता?

त्याचे नाव फ्रेडरिक डग्लस. तो १८१८ च्या सुमारास मेरीलँड राज्यात गुलाम म्हणून जन्मास आला. गुलामाच्या जन्माची नोंद कोण ठेवणार? स्वतःची जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. लहानपणी बाल्टिमोर शहरात असताना मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मालकाने ते पाहिले व तत्काळ बंद पाडले. अक्षर शिकला की गुलाम बिघडतो, मग तो गुलाम म्हणून कामाचा उरत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मुलगा तेथेच उभा होता. ज्या गोष्टीचे मालकाला एवढे भय वाटते तीच आपल्या सुटकेची वाट, हे त्याने ओळखले. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन त्यांच्याकडून तो वाचायला शिकला. १८३८ साली तो पळून उत्तरेत गेला. १८४५ साली त्याने आत्मचरित्र छापले आणि १८४७ साली स्वतःचे वर्तमानपत्र काढले. आमच्यासाठी बोलणारे गोरे हितचिंतक आहेत, ते बोलतील, असे म्हणून तो थांबला नाही. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ का काढला, याचे उत्तर डग्लसच्या चरित्रात सापडते.

युद्ध सुरू होताच डग्लसने मागणी लावून धरली की, काळ्या माणसाच्या हाती बंदूक द्या. परवानगी मिळताच त्याने गावोगाव हिंडून भरती केली आणि आपले दोन मुलगे मॅसेच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत धाडले. १८ जुलै १८६३ रोजी याच पलटणीने वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढविला. किल्ला पडला नाही, परंतु काळे सैनिक लढतील काय, ही शंका त्या रात्री कायमची मिटली. त्यांच्या पगाराची गोष्ट मात्र निराळी होती. गोऱ्या शिपायास महिना १३ डॉलर मिळत. काळ्यास १०, आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ कापले जात. ५४ व्या पलटणीने हा अपमान सोसला नाही. कमी पगार घेण्यापेक्षा बिनपगारी लढू, असे म्हणून त्यांनी महिनोन्महिने एक कवडी घेतली नाही. डग्लस लिंकनला समक्ष जाऊन भेटला व त्याने ही तक्रार मांडली. अखेर १८६४ च्या जूनमध्ये कायदेमंडळाने समान पगार मान्य केला. युद्ध संपेतो सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले होते.

१ जानेवारी हा दिवस आपल्याही इतिहासात कोरलेला आहे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी जे लढले, त्यांत आपले पूर्वज होते. तेथील स्तंभावर ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘नाक’ आहे ती नावे त्यांची. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या स्तंभास भेट दिली. परंतु त्या शौर्याचे पुढे काय झाले? १८९२-९३ च्या सुमारास त्याच इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा दार किलकिले झाले, गरज सरताच पुन्हा लागले. महार रेजिमेंट कायमची उभी राहिली ती १९४१ साली, आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. तलवार गाजविणाऱ्याचा गौरव होतो. पण कायद्याने बांधून न घेतलेला गौरव सरकारच्या मर्जीने येतो आणि मर्जीने जातो.

आमच्या भगिनींनी हॅरिएट टबमन हिचे चरित्र अवश्य ऐकावे. तीही मेरीलँडचीच गुलाम. स्वतः पळून सुटल्यावर ती स्वस्थ बसली नाही. पुन्हा पुन्हा दक्षिणेत शिरून तिने आप्तांना व इतरांना बाहेर काढले. युद्धात तिने परिचारिकेचे आणि हेराचे काम केले. २ जून १८६३ रोजी दक्षिण कॅरोलिनात कॉम्बाही नदीवर सैन्याने छापा घातला, त्याची वाट दाखविणारी तीच होती. त्या एका रात्री ७०० हून अधिक गुलाम सुटले. मात्र युद्धातील सेवेबद्दल तिला न्याय देण्यास सरकारने तीस वर्षांहून अधिक काळ लावला. ज्या स्त्रीने शेकडो कुटुंबांना मार्ग दाखविला, तिला आपल्या हक्कासाठी म्हातारपणापर्यंत अर्ज करीत बसावे लागले.

आणि आता रॉबर्ट स्मॉल्स. आमच्या मते या युद्धातील सर्वांत बोधप्रद चरित्र हेच. १८३९ साली दक्षिण कॅरोलिनातील ब्यूफर्ट येथे तो गुलाम जन्मला. युद्धात तो चार्ल्सटन बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या बंडखोरांच्या आगबोटीवर सुकाणू धरण्याचे काम करी. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेले असताना त्याने बोट हलविली. वाटेत बायकोमुलांना आणि साथीदारांच्या माणसांना घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवून, त्याच्यासारखाच उभा राहून, प्रत्येक किल्ल्यापुढून जाताना ठरलेली खूण शिटीने देत तो तोफांच्या तोंडून निसटला आणि बोट संघराज्याच्या आरमाराच्या हवाली केली. बोटीवरील सोळा जणांनी त्या पहाटे स्वातंत्र्य मिळविले. त्या वेळी तो २३ वर्षांचा होता.

पण त्याचे खरे मोठेपण पुढे दिसते. बक्षिसाचा पैसा हाती आला तेव्हा ब्यूफर्ट येथे, ज्या घरी तो गुलाम म्हणून जन्मला ते मालकाचे घर सरकारी लिलावात निघाले असता त्याने विकत घेतले. तो लिहायला वाचायला शिकला. १८६८ साली दक्षिण कॅरोलिनाची नवी राज्यघटना तयार झाली, त्या परिषदेत तो बसला आणि सर्वांसाठी मोफत सार्वजनिक शाळांचा आग्रह त्याने धरला. पुढे अनेक वेळा तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. एका रात्रीच्या पराक्रमावर जन्मभर जगण्याचा मोह त्याला झाला नाही. घर, अक्षर, शाळा आणि मतपेटी या चार गोष्टींचा त्याने जन्मभर ध्यास घेतला.

त्या काळी असे वाटत होते की, आता सारे ठीक झाले. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मिळाले. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने रंगावरून मत नाकारण्यास बंदी झाली. युद्धापूर्वी ज्या मिसिसिपी राज्यातर्फे बंडखोरांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस सिनेटमध्ये बसत असे, त्याच राज्यातर्फे १८७० साली हायरम रेव्हल्स हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक सिनेटर म्हणून बसला. जोतीरावांनी अर्पणपत्रिका लिहिली ती या दिवसांत. त्यांना पहाट दिसली यात नवल नाही.

या पहाटेवर काळोख कसा पसरला? त्याची पहिली पायरी जमीन. १६ जानेवारी १८६५ रोजी जनरल शर्मन याने दक्षिणेच्या समुद्रकाठची पळपुट्या जमीनदारांची जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. सुमारे ४० हजार माणसे तेथे वसली. लिंकननंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत केली. हा जॉन्सन स्वतः गरिबीतून वर आलेला शिंपी होता; बड्या जमीनदारांविषयी त्याला प्रेम नव्हते. परंतु काळा मनुष्य बरोबरीला येतो हे त्याला त्याहून असह्य होते. आपल्याकडेही वरच्याचा जाच स्वतः भोगलेला मनुष्य खालच्याची बरोबरी सोसत नाही, हा अनुभव तुम्हांस नवा नाही. जमिनीसाठी अखेरपर्यंत झगडला तो पेन्सिल्व्हेनियाचा वकील व कायदेमंडळाचा सदस्य थॅडियस स्टीव्हन्स. बड्या जमीनदारांची जमीन जप्त करून मुक्त कुटुंबांना द्यावी, ही त्याची योजना कायदेमंडळाने फेटाळली. १८६८ साली तो वारला. रंगभेद पाळणाऱ्या स्मशानभूमीत पडून राहणे त्याने नाकारले. ज्या लहानशा दफनभूमीत सर्वांना जागा होती तेथेच त्याने आपली जागा ठरवून ठेवली होती.

दुसरी पायरी दहशत. पराभूत दक्षिणेतील लोकांनी कू क्लक्स क्लॅनसारख्या गुप्त टोळ्या उभारून मत देणाऱ्या, शाळा चालविणाऱ्या, जमीन घेणाऱ्या कृष्णवर्णीयांना ठार मारण्यास आरंभ केला. युद्धात लीला शरण आणणारा सेनापती युलिसिस ग्रँट तेव्हा अध्यक्ष होता. त्याने १८७१ साली कडक कायदा करून घेतला, दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ परगण्यांत सैन्य व अटकसत्र चालविले, आणि टोळ्या काही काळ मोडल्या. कायद्यामागे इच्छा असली तर तो चालतो, याचे हे प्रमाण आहे. परंतु उत्तरेतील लोक या प्रश्नाला कंटाळले. १८७७ साली अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीत सौदा झाला. दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी असलेले सैन्य मागे घेतले गेले.

तिसरी पायरी न्यायालय. १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खानावळी, आगगाड्या, नाटकगृहे सर्वांना खुली करणारा १८७५ चा कायदा घटनाबाह्य ठरविला. १८९६ साली त्याच न्यायालयाने आगगाडीत वेगळा डबा ठेवणे समानतेच्या विरुद्ध नाही, असा निवाडा दिला. मिसिसिपीने १८९० साली मतदानासाठी कर आणि वाचनपरीक्षा लादल्या. दक्षिण कॅरोलिनाने १८९५ साली घटना बदलण्यासाठी परिषद भरविली, तेव्हा वृद्धत्वाकडे झुकलेला रॉबर्ट स्मॉल्स तेथे मूठभर सहकाऱ्यांसह उभा राहिला आणि आपल्या लोकांच्या मताधिकारासाठी लढला. तो हरला. घटनेच्या पुस्तकात चौदावी व पंधरावी दुरुस्ती अक्षरशः जशीच्या तशी होती. एक शब्दही खोडला गेला नव्हता. तरीही १९५४ चा शाळांविषयीचा निकाल आणि १९६४ व १९६५ चे कायदे येईपर्यंत त्या शब्दांत जीव नव्हता. लिंकनची चित्रे मात्र या साऱ्या काळात घरोघर भिंतीवर होती.

वाचकहो, या शेवटच्या वाक्याशी थोडे थांबा. आपल्याही घरी चित्र आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता, आणि राजकीय समता व सामाजिक विषमता यांच्या विसंगतीवर बोट ठेवले होते. हा इशारा त्यांच्या स्वतःच्या भक्तांनाही लागू आहे. जयंतीला हार घालणारा हात उरलेले ३६४ दिवस काय करतो, यावर आपले स्वातंत्र्य टिकणार आहे.

आपल्या चळवळीने हे पूर्वी करून दाखविले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेणाऱ्यांना धर्मांतराबरोबर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती गमवाव्या लागल्या, कारण १९५० च्या आदेशात बौद्धांचे नाव नव्हते. १९६० नंतर महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने दिल्या त्या १९९० साली. मधल्या काळात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर झालेल्या सत्याग्रहात भूमिहीनांना जमीन आणि बौद्धांना सवलती या दोन्ही मागण्या होत्या. ३४ वर्षे लोकांनी सवलतींवाचून काढली, पण धम्म सोडला नाही आणि मागणीही सोडली नाही. आज तुम्ही दीक्षा घेता तेव्हा तुमच्या मुलांची शिष्यवृत्ती जात नाही, ती या लोकांच्या चिकाटीमुळे.

म्हणून आमचे सांगणे चार गोष्टींविषयी आहे. पहिली, कागद. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडील व आजोबा यांच्या नोंदी नीट जपा. जनगणनेचा कर्मचारी दारी येईल तेव्हा धर्म ‘बौद्ध’ आणि आपली अनुसूचित जात या दोन्ही नोंदी स्वतः सांगा व लिहिल्याची खात्री करा. दुधनीतील अनेक घरांच्या सोयरिकी कर्नाटकात आहेत. अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते, म्हणून सुनेच्या माहेरचे दाखले लग्नाच्या वेळीच मागून घ्या. दुसरी, जमीन. महार वतन १९५८ च्या कायद्याने खालसा झाले, त्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ पासून झगडा मांडला होता. ज्या घराण्याकडे वतनाची जमीन आली, त्यांनी सातबारा दरवर्षी पाहावा. जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकण्यावर कायद्याने बंधन घातले आहे. लग्नाच्या वा आजाराच्या अडचणीत कोणी कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर तो देऊ नका. चाळीस एकरांची गोष्ट आठवा.

तिसरी, शाळा. सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली वसतिगृह उघडले, तेव्हा सभेचे वय वर्षभराचेही नव्हते. इतके अगत्य बाबासाहेबांना त्या गोष्टीचे होते. आडतीवर तुरीची पोती उचलणाऱ्या बापाने मुलाला हंगामात चार दिवस हाताशी घेतले, तर ते चार दिवस पुढे चाळीस होतात. डग्लसच्या मालकाला ज्या गोष्टीचे भय वाटत होते, ती आपण आपल्याच हाताने बंद करावी काय? मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट मोठा आहे. चौथी, संघटना. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी १८१६ पासून स्वतःची स्वतंत्र प्रार्थनामंदिरे उभारली. तेथेच शाळा भरली, तेथेच सभा झाली, तेथूनच पुढारी निघाले. आपल्या विहारातही वंदनेनंतर तासभर अभ्यास व्हावा, अन्यायाची तक्रार लिहून दिली जावी, घटनेचे १५, १६ व १७ हे अनुच्छेद मुलांना समजावून दिले जावेत. अत्याचार झाला तर १९८९ चा कायदा आहे. पण फिर्याद वेळेवर, लेखी आणि साक्षीदारांच्या नावांसह दिली तरच न्यायालयात तिला बळ येते. उशिरा दिलेल्या व अर्धवट लिहिलेल्या फिर्यादी कशा मोडतात, हे आम्ही या व्यवसायात पुष्कळदा पाहिले आहे.

आपली आणि त्यांची स्थिती सर्वस्वी एक नाही, हेही सांगितले पाहिजे. गुलामाला विकत घेणारा मालक निदान आपल्या पैशाच्या काळजीने त्याला खायला घालीत असे. अस्पृश्याची एवढीही जबाबदारी कोणावर नव्हती, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. दुसऱ्या अंगाने पाहता, आपल्याला एक मार्ग मोकळा होता जो त्यांना नव्हता. त्यांना आपला रंग टाकता आला नाही. आपल्याला नीच ठरविणारा धर्म आपण टाकू शकलो. मनातील बेडी आपण तोडली आहे. बाहेरची बेडी पुन्हा कोणी घालू नये, एवढी जागरूकता आता हवी.

या जागरूकतेला धम्मात अप्रमाद म्हणतात. महापरिनिर्वाणाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, तो अप्रमादाने आपले कार्य सिद्धीस नेण्याचा होता. लीचा पराभव होताच आपले काम संपले असे उत्तरेने मानले. तो प्रमाद होता, आणि त्याची किंमत मुक्त झालेल्यांच्या तीन पिढ्यांनी मोजली. जोतीरावांनी त्या देशाकडून आशा घेतली, बाबासाहेबांनी सावधपणा घेतला. तुमच्या घरी दोन्ही असू द्या. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर प्रत्येक कुटुंबाने आपले दाखले व सातबारे सोबत आणून एकमेकांच्या डोळ्यांखालून घालावेत. आरंभ तेथून होवो.

जय भीम.